गावातल्या बैठकीत तज्ज्ञांशी गप्पा : राजकारण, पत्रकारिता आणि जगातल्या घडामोडींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की आमच्या गावच्या वाचनालयात लोकं जमतात आणि एखाद्या जाणकार माणसाशी बोलतात, कधी समोरासमोर, बहुतेक वेळा फोनवर. राजकारण शिकवणारे प्राध्यापक, पेपरात वीस-पंचवीस वर्षं काढलेले पत्रकार, परराष्ट्र खात्यातून रिटायर झालेले अधिकारी, कापसाच्या धंद्यातले लोक, असे आमचे पाहुणे. आजूबाजूच्या गावांतून सारखे फोन येतात आणि प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी वाचनालयाचं काम पाहते, त्यामुळे जे पाहिलं ऐकलं तेच सांगते.

बैठक म्हणजे भाषण असतं का?

नाही. पाहुण्यांना सुरुवातीला दहा मिनिटं, बस. बाकी सव्वा तास प्रश्न. खुर्च्या, हार, शाल-नारळ, दीपप्रज्वलन यातलं काहीच नसतं कारण त्यातच अर्धा तास जातो आणि मग मागे बसलेल्या माणसाची बोलायची हिंमत होत नाही. फोन खिडकीत ठेवतो, रेंज तिथेच येते. ब्लूटूथ स्पीकर कपाटावर. एक पोरगा चिठ्ठ्या वाचतो, चिठ्ठी कोणाची ते नाव घेऊन सांगतो, आणि ज्याचा प्रश्न आहे त्यालाच पुढचा उपप्रश्न विचारायचा पहिला हक्क असतो. हा नियम आम्ही फार कडक पाळतो, कारण नाहीतर दोन-तीन बोलकी माणसंच सगळी बैठक खाऊन टाकतात.

आपण कास्तकार माणसं, आपल्याला अमेरिका-चीनच्या गप्पा कायले पायजे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ऑगस्ट २०२५ आठवा. १९ ऑगस्टला केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरची ११ टक्के ड्युटी काढली, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. २७ ऑगस्टपासून अमेरिकेनं आपल्या बऱ्याचशा मालावरचा टॅरिफ ५० टक्क्यांवर नेला. आमच्याकडे तेव्हा पराटीला, म्हणजे कपाशीला पात्या-फुलं होती, बोंड फुटायला दीड-दोन महिने बाकी होते. म्हणजे माल घरात यायच्या आधीच भावाचा अर्धा निकाल दिल्लीत आणि वॉशिंग्टनमधे लागून गेला होता आणि आपण इकडे फवारणी करत होतो.

त्या सुमाराच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, "अमेरिकेनं टॅक्स लावला कपड्यावर, मंग मा कापूस काऊन पडला?" पाहुणे सूत-कापसाच्या धंद्यात आयुष्य घालवलेले होते, त्यांनी लेक्चर दिलं नाही, म्हणाले पाटी घ्या आणि लिहा. न्यूयॉर्कच्या बाजारात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा भाव सेंट आणि पौंडात बोलतात. समजा ७० सेंट पौंड. एका किलोत २.२ पौंड, म्हणजे किलोला साधारण १५४ सेंट, म्हणजे दीड डॉलरच्या थोडं वर. डॉलर ८५ रुपये धरला तर किलोभर रुई झाली १३१ रुपयांची. आता एक क्विंटल कापसातून रुई निघते ३४ किलोच्या आसपास, म्हणजे साधारण ४,४५० रुपये. उरली सरकी, ६४ किलो धरा, ३५ रुपयांनी २,२४० रुपये. बेरीज ६,७०० च्या आसपास. यातून जिनिंगचा खर्च, गाडीभाडं, व्यापाऱ्याचं मार्जिन जायचंय. आणि २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव होता ८,११०.

खोलीत कोणी बोललं नाही थोडा वेळ. काकांनी पाटीवरचा डॉलरचा आकडा पुसून ९० लिहिला आणि स्वतःच परत हिशोब केला, मग सरकीचा भाव बदलून केला. त्या रात्री त्यांना समजलं की आपल्या कापसाच्या भावात चार-पाच धागे आहेत आणि त्यातला एक सरकीचा, म्हणजे ढेपेचा आणि तेलाचा आहे, ज्याच्याकडे आपण कधी पाहतच नव्हतो. मला वाटतं असा हिशोब दरवर्षी शाळेत दहावीच्या पोरांकडून करून घेतला पाहिजे.

आणि हे काही आजचं नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की लोकांनी वावरंच्या वावरं कापसाखाली आणली. युद्ध संपलं, भाव कोसळला. तरी खामगावचा कापूस बाजार एवढा मोठा झालेला होता की १८७० मधे तिथे रेल्वेचा फाटा काढला आणि उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. दीडशे वर्षांआधी लिंकनच्या देशातल्या लढाईनं आपल्या पणजोबा-खापरपणजोबांची पेरणी बदलली होती. मग आज त्याबद्दल बोलायला आपल्याला कोणाची परवानगी पाहिजे?

पण युद्ध तिकडे चाललंय, त्याचा आपल्या गावाशी काय संबंध?

एका मावशीचा पोरगा कतारला कामाला आहे. इराणकडची बातमी आली की त्या झोपत नाहीत. त्यांनी विचारलं होतं, "माया पोरगा ज्या ठिकानी हाय तिथून जहाजं जातात म्हनतात, तो रस्ता बंद झाला त काय होईन?" परराष्ट्र खात्यात काम केलेल्या पाहुण्यांनी आधी त्यांच्या पोराबद्दल विचारलं, कुठे राहतो, फोन रोज येतो का, भारतीय दूतावासात नाव नोंदवायची सोय असते ती कशी वापरायची, आणि मग होर्मुझची सामुद्रधुनी समजावली. इराण आणि ओमानच्या मधला हा चिंचोळा समुद्र, जगात जेवढं तेल वापरतात त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास तिथून जातं. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. कतारचा गॅसही त्याच वाटेनं निघतो, आणि गॅसपासून होतो युरिया.

युरिया म्हटल्यावर सगळे सरसावून बसले. मग पाहुण्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला आधी माहीत नव्हती. युरियाची ४५ किलोची बॅग आपल्याला २६६ रुपये ५० पैशाला पडते आणि ती किंमत सरकारनं बांधलेली आहे, त्यामुळे गॅस महागला तरी बॅगवरचा आकडा लगेच हलत नाही, वाढतं ते सरकारचं अनुदान. आपल्याला झळ लागते ती दुसऱ्या बाजूनं, माल वेळेवर येत नाही आणि कृषी केंद्रासमोर लाइन लागते, किंवा दुकानदार म्हणतो युरियासोबत हे दुसरं औषधही घ्या. लोकं एकमेकांकडे पाहायला लागली कारण हे सगळ्यांनी भोगलेलं होतं.

तज्ज्ञ कोणाला म्हणायचं? टीव्हीवर तर सगळेच तज्ज्ञ असतात.

खरं आहे, आणि यात आम्ही एकदा फसलो. टीव्हीवर दिसणारे एक गृहस्थ मोठ्या कष्टानं मिळवले, गाव भरून आलं. युक्रेनपासून संत्र्यापर्यंत प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे तयार उत्तर होतं, आवाज चढलेला, आणि बैठक संपल्यावर कोणालाच आठवेना की नवीन काय समजलं.

त्याच्या उलट एक निवृत्त अधिकारी होते. कोणीतरी चीनच्या सीमेबद्दल विचारलं तर ते म्हणाले, भाऊ, माझी नोकरी आफ्रिकेत आणि आखाती देशांत झाली, चीनबद्दल मला पेपर वाचणाऱ्या माणसाइतकंच कळतं, तुम्ही त्यासाठी दुसऱ्याला बोलवा. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पाहुण्याला आधीच फोनवर विचारतो की तुमचा हातखंडा विषय कोणता आणि कोणत्या विषयावर तुम्ही बोलणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो पटकन देतो तो माणूस बोलवायचा. डिग्री पाहतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. पंचवीस वर्षं बाजार समितीत कापसाची प्रत पाहून ठरवणारा ग्रेडर आमच्यासाठी तज्ज्ञच आहे, त्याला आम्ही प्राध्यापकाएवढाच वेळ देतो.

मोठी माणसं एवढ्याशा गावात कशाला येतील?

येतात, विचारा तर खरं. आणि आपल्या मातीत हे आधी झालेलं आहे. वर्ध्याजवळचं सेगाव, आजचं सेवाग्राम, गांधीजी १९३६ मधे तिथे राहायला आले आणि मग जगच त्या गावात यायला लागलं. जून १९४२ मधे लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार तिथे आठवडाभर राहिला. वर्ध्याचा जूनचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. त्या माणसानं पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या टबात एक लाकडी खोकं ठेवलं, त्यावर टॉवेल घडी करून अंथरला आणि पाण्यात बसून बाहेरच्या दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर ठेवून टाइप केलं. रोज तासभर तो गांधीजींशी बोलायचा. आणि प्रश्न कसले तर अवघड. इंग्रज गेले आणि जपान आत शिरला तर? गांधीजींनी त्याला सांगितलं की इंग्रजांची सत्ता जावी पण युद्धासाठी मित्रराष्ट्रांचं सैन्य इथे राहिलं तरी चालेल. दोन महिन्यांनी छोडो भारतचा ठराव झाला. जगाच्या युद्धावरची एवढी मोठी मुलाखत मातीच्या भिंतीच्या खोलीत झाली, आपल्यापासून बसनं काही तासांवर, आणि आपण म्हणतो आपलं गाव लहान आहे.

मला इंग्रजी येत नाही, शिक्षणही कमी. प्रश्न विचारला तर हसतील का?

आमच्याकडे हसणाऱ्याला बाहेर बसवतात, अक्षरशः. आणि प्रश्न वऱ्हाडीतच विचारायचा, झाडीबोलीत बोलणारे असतील तर झाडीबोलीत. पाहुण्याला समजलं नाही तर आम्ही समजावू, ते आमचं काम. मी इतक्या बैठका पाहिल्या आणि माझं मत पक्कं झालंय की पाहुण्याला खरा विचार करायला लावणारे प्रश्न कमी शिकलेल्या माणसांकडूनच येतात, कारण त्यांनी पेपरातलं वाक्य पाठ केलेलं नसतं, त्यांच्या डोक्यात स्वतःचं वावर, स्वतःचं बिल, स्वतःचं पोरगं असतं.

चांगला प्रश्न कसा तयार करायचा?

आपल्याला जिथे दुखतं तिथून सुरू करा. "जागतिक अर्थव्यवस्थेबद्दल तुमचं मत काय" असं विचारलं की पाहुणे पंधरा मिनिटं बोलतात आणि हाती काही लागत नाही. "सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ आहे, मी कमी भावात विकलं, आणि दुकानात तेलाचा डबा तर स्वस्त झाला नाही, मधले पैसे कुठे गेले", हा प्रश्न २०२५-२६ च्या हंगामात आला होता आणि त्यावर पूर्ण बैठक झाली. मग कळलं की आपला देश खाण्याच्या तेलाचा मोठा हिस्सा बाहेरून आणतो, पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनकडून. कच्च्या खाद्यतेलावरची मूळ ड्युटी सप्टेंबर २०२४ मधे शून्यावरून २० टक्के केली होती, ती मे २०२५ अखेर १० वर आणली. शहरातल्या गिऱ्हाइकाला महागाई लागू नये म्हणून ड्युटी कमी होते आणि ती झळ आपल्या सोयाबीनला बसते. आणि आपलं सोयाबीन तेलापेक्षा जास्त ढेपेवर चालतं, त्यामुळे कोंबडीखाद्याचा बाजार पडला तरी आपला भाव पडतो. हे ऐकल्यावर एका पोरानं विचारलं की मग आपण कोणाला पत्र लिहायचं, कृषी खात्याला की वाणिज्य खात्याला की अर्थ खात्याला? पाहुणे म्हणाले हा प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांनी कधी विचारला नाही. ड्युटीची अधिसूचना अर्थ मंत्रालय काढतं, हे त्या दिवशी आम्हाला समजलं.

दुसरं म्हणजे "असं का" आणि "हे कसं चालतं" असे प्रश्न विचारा. "बरोबर की चूक" विचारलं की पाहुणा पक्षात अडकतो.

निवडणुकीत कोण येईल ते विचारता येतं का?

विचारा, पण वेळ वाया जातो. २०२४ च्या लोकसभेला बहुतेक एक्झिट पोलनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. मोठमोठ्या संस्थांचा अंदाज चुकतो तिथे फोनवरच्या पाहुण्याला का छळायचं. त्यापेक्षा सर्व्हे कसा करतात, किती लोकांना विचारतात, आपल्या गावात कधी कोणी विचारायला आलं का, हे विचारा. आमच्या बैठकीला चाळीसेक लोक होते, एकालाही आयुष्यात कोणी सर्व्हेवाल्यानं विचारलेलं नव्हतं.

आमदार पक्ष बदलतात त्यावर काही कायदा आहे की नाही?

आहे. दहावं परिशिष्ट, १९८५ मधे घटनेत आलं. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट चालायची, २००३ च्या दुरुस्तीनं ती पळवाट काढून टाकली, आता दोन तृतीयांश आणि विलीनीकरण लागतं. निर्णय देतात विधानसभा अध्यक्ष, आणि घोडं तिथेच अडतं. शिवसेनेची फूट जून २०२२ ची, सुप्रीम कोर्टाचा निकाल ११ मे २०२३ चा, अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ चा. दीड वर्ष. कोणाच्या बाजूनं काय झालं ते सोडा, एवढा वेळ का लागतो यावर कायद्याच्या एका मॅडमनी तासभर समजावलं होतं आणि त्या तासात दोन्हीकडचे कार्यकर्ते शांत बसले होते.

वेगळ्या विदर्भाचा विषय घेता का?

घेतला, आणि घाबरत घाबरत घेतला. एक पाहुणे बाजूचे, एक विरोधातले, दोघांना सारखा वेळ. एका आजोबांचा ठाम समज होता की नागपूर करार हा कायदा आहे आणि सरकारनं तो मोडला म्हणून कोर्टात जाता येतं. दोन्ही पाहुण्यांनी एकमतानं सांगितलं की २८ सप्टेंबर १९५३ चा करार हा पुढाऱ्यांमधला राजकीय करार होता, नागपुरातलं अधिवेशन त्यातूनच आलं. घटनेत जे आहे ते कलम ३७१ (२), त्यातून १९९४ मधे विदर्भाचं विकास मंडळ झालं आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं १९५५ मधे वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती हेही पुष्कळ तरुण पोरांनी पहिल्यांदा ऐकलं. आजोबांचं मत बदललं नाही, बदलायची गरजही नव्हती, पण पुढच्या बैठकीला ते कलमाचा नंबर कागदावर लिहून आणून विचारत होते.

पत्रकारांना काय विचारता?

६ जानेवारीला दर्पण दिन असतो, बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मधे दर्पण काढलं तो दिवस. त्या आठवड्यातली बैठक पत्रकाराचीच. सगळ्यात गाजली ती तालुक्याच्या वार्ताहराची. त्यांनी आधी सांगितलं की रेकॉर्डिंग बंद करा. आम्ही फोन गोळा करून टोपलीत ठेवले. मग ते जे बोलले ते त्या खोलीत राहिलं, पण जे सगळ्यांनाच माहीत आहे ते इथे सांगायला हरकत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला बऱ्याच ठिकाणी पगार नसतो किंवा नावाला असतो, जाहिराती आणून द्याव्या लागतात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यातूनच निघते. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची त्याच्याच विरोधात बातमी कशी लिहायची? एका ताईंनी विचारलं, "मंग आमची पान्याची बातमी छापून यावी म्हनून आमी काय कराव?" ते म्हणाले कागद द्या. तोंडी तक्रार छापली तर माझ्यावर येते, माहिती अधिकारात मिळालेला कागद छापला तर माझ्यावर येत नाही. माहिती अधिकार २००५ चा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या ताईंच्या बचत गटानं अर्ज टाकला, उत्तर आलं, टाकीचं काम कागदावर पूर्ण झालेलं होतं. बातमी आली, फोटोसकट.

पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांबद्दलही लोक विचारतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या पेपरांत उमेदवाराच्या कौतुकाचा एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत शब्दाला शब्द सारखा आला होता, ते पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडकीला आणलं. आमच्या वाचनालयात तीन पेपर येतात, निवडणुकीत पोरांना तेच काम देतो, तिन्ही समोर ठेवा आणि कुठली बातमी सारखीच आहे ते पेनानं खूण करा.

परदेशातली बातमी सगळ्या पेपरांत सारखीच का असते?

कारण मराठी पेपरांचे बातमीदार तिकडे जवळपास नसतातच. रॉयटर्स, एपी, एएफपी आणि आपली पीटीआय अशा एजन्सीकडून मजकूर येतो आणि त्याचं भाषांतर होतं. त्यात लपवाछपवी काही नाही, बातमीच्या सुरुवातीला बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. ते वाचायची सवय लावा.

फॉरवर्ड आलेला मेसेज खरा की खोटा कसं ओळखायचं?

हे मी फार जपून सांगते कारण यात माझ्या हातून चूक झाली आहे. एका डिसेंबरात मेसेज आला की कापूस खरेदी केंद्र उद्यापासून बंद. खाली नोटीसचा फोटो, शिक्का, सही. मी तो गावच्या ग्रुपवर टाकला. माझ्या दिरानं त्याच दिवशी १४ क्विंटल कापूस व्यापाऱ्याला घातला, हमीभावापेक्षा क्विंटलमागे हजारावर कमी भावानं. केंद्र चालूच होतं. नोटीस खरी होती पण आदल्या वर्षीची, तारखेचा कोपरा फोटोत कापलेला होता. दीर मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. चौदा हजारांच्या वर नुकसान झालं, वेचणीची मजुरी त्यातच द्यायची होती.

पुढच्याच शनिवारी एका उपसंपादक भाऊंना बोलावलं आणि तोच फोटो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पाहिला आणि विचारलं, तारीख कुठे आहे? दुसरा प्रश्न, या केंद्रावर आत्ता फोन कोण लावू शकतो? एवढंच. आम्ही त्यांना म्हटलं की पेपरात तुम्ही काय करता, तर म्हणाले हेच करतो, तारीख पाहतो आणि ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला फोन करतो, आणि तो फोन लागेपर्यंत छापत नाही. आता केंद्राचा, बाजार समितीचा, तलाठ्याचा, महावितरणच्या लाइनमनचा नंबर वाचनालयाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. फोटो जुना वाटला तर पोरं गुगल लेन्सवर टाकून पाहतात.

बायका येतात का?

सुरुवातीला मी आणि अंगणवाडीच्या ताई, दोघीच. रात्री नऊला स्वयंपाक-भांडी सोडून कोण येणार. मग महिन्यातली एक बैठक रविवारी दुपारी तीनला ठेवली, आणि चिठ्ठीची पद्धत आणली ती खरं तर बायकांसाठीच, घरून चिठ्ठी पाठवली तरी चालते. आता दुपारच्या बैठकीला खोली पुरत नाही, ओट्यावर बसतात. गॅस सिलिंडर, पोरीचं शिक्षण, दारूबंदी, पंचायतीतलं ५० टक्के आरक्षण आणि सरपंचबाईच्या ऐवजी तिचा नवरा का बोलतो, असे विषय येतात. एका सरपंच ताईंनीच तो शेवटचा प्रश्न विचारला होता, नवरा दाराशी उभा असताना.

बैठकीत ठराव घेता का? कोणाला मत द्यायचं ते ठरवता का?

कधीच नाही. हे आम्ही गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) कडून शिकलो. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं ते गाव, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं काम सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्याकडे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचा जाणकारही बसतो, चर्चा होते, वाद होतो, पण निर्णय ग्रामसभाच घेते आणि सर्वसहमतीनं घेते. बाहेरच्यानं माहिती द्यायची, निर्णय गावाचा. २००९ मधे त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला त्याच्या मागे ही वर्षानुवर्षांची अभ्यासाची बैठक होती. आमच्या बैठकीत पक्षाचं उपरणं घालून यायचं नाही एवढा एक नियम आहे, आणि तो सरपंचापासून सगळ्यांना लागू आहे.

भांडणं होत नाहीत का?

होतात. दोनदा बैठक मधेच थांबवावी लागली. स्पीकर बंद करायचा, चहा सांगायचा, पाहुण्यांना सांगायचं की दहा मिनिटांनी लावतो.

पाहुण्याचं चुकलं तर?

पुढच्या शनिवारी पहिली पाच मिनिटं त्यासाठीच असतात. एका पाहुण्यांनी सुरक्षा परिषदेत भारत कधीच नव्हता असं ओघात सांगितलं होतं. बारावीतल्या एका पोरीनं शोधून काढलं की २०२१-२२ मधे भारत दोन वर्षांसाठी अस्थायी सदस्य होता, कायमचे सदस्य पाचच. तिनं स्वतः फोन लावून पाहुण्यांना सांगितलं. त्यांनी चूक मान्य केली आणि तिला आणखी प्रश्न पाठव म्हणाले.

आमच्या गावात सुरू करायचं तर किती खर्च येतो?

स्पीकर हजार-दीड हजाराचा, चहा, आणि एक वही. पाहुण्यांना आम्ही मानधन देत नाही, समोर आले तर बसचं भाडं आणि घरचं जेवण. पहिला पाहुणा जवळचाच घ्या, तालुक्याच्या कॉलेजचे राज्यशास्त्राचे सर, निवृत्त तहसीलदार, जुना पत्रकार. लाइट जाते म्हणून स्पीकर दुपारीच चार्ज करून ठेवा, आणि ज्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात बैठक ठेवूच नका, सगळे ओलिताला वावरात असतात. मृगाच्या पेरणीत आणि दिवाळीनंतरच्या वेचणीत तीन-तीन आठवडे आम्हीही बंद ठेवतो.

आता पुढचा विषय कोणता?

संत्रा. वरुड-मोर्शीकडची एक कास्तकार ताई आमच्या गावात पाहुणी आली होती, तिची चिठ्ठी पडून आहे. बांगलादेशनं आपल्या संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं, २०१९ मधे किलोला २० रुपये होतं ते २०२३ मधे ८८ वर गेलं, आणि तिच्या बगिच्यातला आंबिया बहर त्या वर्षी बागेतच पडला. तिनं लिहिलंय, "ढाक्यात त्याईच्या इथं संत्रा होत नाई, मंग त्याईनं टॅक्स कोनासाठी वाढवला?" यासाठी बांगलादेशची अर्थव्यवस्था माहीत असलेला माणूस शोधणं चालू आहे, तुमच्या ओळखीत असेल तर शनिवारच्या आधी वाचनालयात सांगा.